उसाच्या रानातले स्मार्ट शहर आणि खालच्या गावाचे पाणी

मी सांगली जिल्ह्यातल्या ऊस पिकवणाऱ्या घरातला, आणि व्यवसायाने पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा अभियंता आहे. पुण्यात बारा वर्षे नाले, मोऱ्या आणि पावसाळी गटारे यांचे आराखडे काढल्यावर, २०२१ च्या ऑक्टोबरात मॉरिशसने आपल्या सीमा पुन्हा पूर्णपणे खुल्या केल्या तेव्हा, तिथल्या एका सल्लागार कंपनीच्या बोलावण्यावरून मी त्या बेटावर गेलो. मध्यवर्ती पठाराच्या उतारावर ७० आर्पां उसाच्या जमिनीवर 'स्मार्ट सिटी' उभारायची होती आणि तिच्या परवानगीच्या अर्जाला जोडण्यासाठी निचऱ्याचा अहवाल करून द्यायचा होता. आर्पां हे तिथे फ्रेंचांच्या काळापासून चालत आलेले माप असून एक आर्पां म्हणजे आपला एक एकर आणि वर पावणेदोन गुंठे. करारात कामाची मुदत चार महिने लिहिली होती. प्रत्यक्षात सव्वा वर्ष लागले.

स्मार्ट सिटी हा शब्द आपल्याकडे आणि मॉरिशसमध्ये एकाच वर्षी, २०१५ साली, सरकारी योजनेचे नाव झाला, मात्र त्यामागची व्यवस्था पूर्णपणे वेगळी आहे हे मला तिथे गेल्यावरच कळले. पुण्यात मी ज्या योजनेची कामे केली, तिच्यात जुनेच शहर होते, पैसा सरकारचा होता आणि महापालिकेच्या जोडीला एक स्वतंत्र कंपनी स्थापन केली होती. मॉरिशसच्या योजनेत शहर नवे असते आणि ते खासगी जमीनमालक वसवतो. त्याच्याकडे किमान ५० आर्पां जमीन असावी, तिच्यावर घरे, कचेऱ्या, दुकाने आणि विरंगुळ्याच्या जागा एकत्र असाव्यात, अशी अट असते. बदल्यात, त्या वेळच्या नियमांनुसार, आठ वर्षांची आयकर सवलत मिळत असे आणि ३,७५,००० डॉलरच्या वर किंमत देऊन तिथे घर घेणाऱ्या परदेशी माणसाला देशात राहण्याचा परवाना मिळत असे. नावात 'स्मार्ट' असले तरी योजनेचा गाभा जमिनीचा आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिथली कोणतीच बैठक नीट समजत नाही.

ही जमीन मोकळी का झाली, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. युरोपीय संघ मॉरिशसची साखर पूर्वापार हमीभावाने घेत असे. २००६ पासून चार वर्षांत तो भाव ३६ टक्क्यांनी उतरवला गेला. कारखाने एकात एक विलीन होत बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि हजारो आर्पां बाळगून असलेल्या जुन्या इस्टेटींना उसापेक्षा प्लॉट परवडू लागले. आमच्या भागात दर पडला की शेतकरी रस्त्यावर उतरतो. तिथे इस्टेटीने वास्तुरचनाकार नेमले. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, कारण २,०४० चौरस किलोमीटरच्या देशात साडेबारा लाख लोक राहतात आणि त्यांच्यासाठी कधी ना कधी उसाच्या रानात शिरावे लागणार हे उघड होते.

पहिल्याच बैठकीत जमीनमालक कंपनीच्या सल्लागारांनी पडद्यावर सिंगापूर दाखवले. विजेच्या खांबांवर बसवलेले सेन्सर, पार्किंगची मोकळी जागा सांगणारे ॲप, चेहरा ओळखणारे कॅमेरे, कचऱ्याचा डबा भरला की संदेश पाठवणारी यंत्रणा, असे सारे त्यात होते. सिंगापूरही बेट आहे आणि लहान देश आहे, म्हणून ते उदाहरण शोभून दिसत होते. परंतु सिंगापुरात सुमारे ९० टक्के जमीन सरकारच्या ताब्यात आहे, त्यामुळे नाला कुठून काढायचा आणि तलाव कुठे ठेवायचा हे एकच हात ठरवतो. मॉरिशसमध्ये कुंपणाच्या आतला उतार इस्टेटीचा, बाहेरची मोरी जिल्हा परिषदेची आणि तिच्याखालचे घर आणखी कोणाचे असते. त्या पडद्यावर पावसाच्या पाण्याबद्दल एकच चित्र होते आणि त्यात एक मूल कारंज्यात खेळत होते.

दुसऱ्या दिवशी मी रान पाहायला गेलो. डोक्याइतका ऊस आणि मधूनमधून दोन पुरुष उंचीचे, नीट रचलेले काळ्या दगडांचे ढीग. १८३४ पासून कराराने आणलेल्या भारतीय मजुरांनी, त्यात कोकणातून गेलेले मराठी लोकही होते, ही रानं हातांनी वेचून साफ केली आणि निघालेला दगड जागेवरच रचून ठेवला. एक दगड उचलून फोडला तर आत तोच ठोकळ, बारीक भोकांचा बेसाल्ट, जो आमच्या विहिरीतून निघतो. भूवैज्ञानिकांच्या मते ज्या खोल तप्त स्रोतातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाथर बाहेर आले, त्याच स्रोतावर पुढे, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस उभे राहिले. माझ्या कामाला या गोष्टीचा थोडा उपयोगही झाला, कारण खालचा खडक कसा भेगाळतो आणि मुरूम कुठे लागतो याचा अंदाज मला परका नव्हता. फरक एवढाच की तिथला लाव्हा तुलनेने ताजा असल्याने जमिनीखाली त्याचे पोकळ बोगदे राहिले आहेत, आणि पाया खोदताना यंत्राचा दात अचानक मोकळ्या हवेत जातो. आमच्या चाचणीच्या एका छिद्रात तसेच झाले.

आता हिशेबाकडे येतो. ७० आर्पां म्हणजे साडेएकोणतीस हेक्टर. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस पडला तर उसाचे रान त्यातला बराचसा भाग जिरवते, आणि खालच्या टोकाला सेकंदाला साधारण अडीच घनमीटर पाणी बाहेर पडते. त्याच जमिनीवर छपरे, डांबर आणि फरशी आली की तोच पाऊस सेकंदाला पावणेसहा घनमीटर पाणी खाली ढकलतो. हा वाढीव सव्वातीन घनमीटरचा लोंढा तासभर अडवायचा म्हटले तर सुमारे १२,००० घनमीटर पाणी साठवायला जागा हवी, आणि दीड मीटर खोलीचा खड्डा धरला तर जवळजवळ दोन आर्पां जमीन त्यात जाते. अहवालातील हे एकच वाक्य पुढच्या सगळ्या वादाचे मूळ ठरले.

पुण्यात असताना मी असे आकडे मांडत असे तेव्हा मनात कुठेतरी 'खाली' नावाची एक जागा असे. शहराचे पाणी नाल्यात, नाल्याचे मुठेत, मुठेचे भीमेत आणि शेवटी सगळे उजनीत जाते, आणि उजनी शंभर किलोमीटरवर असल्याने तिची चिंता दुसऱ्या जिल्ह्याने करावी अशी आपली समजूत असते. बेटावर तशी सोय नाही. आमच्या जागेपासून समुद्र काही किलोमीटरवर, वाटेत एक गाव, आणि पाणी पोहोचते तिथे प्रवाळाची उथळ खाडी, जिच्यावर मासेमारी आणि हॉटेले दोन्ही जगतात. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. म्हणजे वर ढगफुटी झाली असताना खाली आकाश निरभ्र असू शकते. राजधानी पोर्ट लुई तर डोंगरांच्या कड्यात बशीसारखी बसली आहे. ३० मार्च २०१३ रोजी तिथे दोन तासांच्या आत १५२ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि ११ माणसे दगावली, त्यांपैकी काही जण भुयारी रस्त्यात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकून. मी भेटलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने बोलण्याच्या ओघात कधी ना कधी तो दिवस काढला. २०१७ साली जमिनीच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यामागेही अशाच पुरांचा अनुभव होता.

परवानग्यांच्या फेऱ्यांत लहान देशाचा मोठा फायदा दिसला. साऱ्या देशाला पाणीपुरवठ्याचे एक प्राधिकरण, सांडपाण्याचे एक, विजेचे एक मंडळ आणि रस्त्यांचेही एकच, आणि बहुतेकांच्या कचेऱ्या पोर्ट लुईपासून क्युरपीपपर्यंतच्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या पट्ट्यात. सकाळी एका अभियंत्याला गाठून दुपारी दुसऱ्याकडे पोहोचता येते, आणि दुसरा बहुधा पहिल्याचा वर्गमित्र निघतो. संपूर्ण बेटाच्या उंचसखलतेचा अंकीय नकाशा मला खिशात मावणाऱ्या एका डिस्कवर मिळाला. देशच्या देश खिशात घालून बसने घरी जाण्याचा अनुभव मला पुण्यात आला नसता. तोट्याची बाजूही याच फायद्यातून येते. जो अधिकारी तुमचा आराखडा तपासतो, त्याचाच भाऊ जमीनमालकाच्या कंपनीत असतो, आणि 'नाही' म्हणणे प्रत्येकाला अवघड जाते. म्हणून तिथे नकार सहसा लिहून येत नाही. फाइल नुसती थांबते.

आमची फाइल पहिल्यांदा थांबली ती मात्र माझ्याच चुकीने. मॉरिशसचे जुने मोजणी नकाशे ले पूस या डोंगरावरच्या १९३४ सालच्या आधारबिंदूवर बेतलेले आहेत, तर उपग्रहावरून घेतलेली मोजमापे जागतिक पद्धतीची असतात, आणि दोहोंत कित्येकशे मीटरचे अंतर पडते. मी बाकीचे सर्व नकाशे रूपांतरित केले होते, पण जोडपत्रातला एक तसाच राहिला. परिणामी आमचा साठवण खड्डा शेजारच्या इस्टेटीच्या उसात जाऊन बसला. एका कार्यालयातल्या तरुण अभियंतीने अतिशय सौजन्याने मला विचारले की शेजाऱ्यांनी याला संमती दिली आहे का. मी खजील झालो आणि सहा आठवडे गेले.

पर्यावरण आघात अहवाल लोकांना पाहण्यासाठी खुला झाल्यावर खालच्या गावात एक बैठक ठेवली गेली. बोलणे क्रिओल या तिथल्या रोजच्या भाषेत चालले होते आणि मला त्यातला 'दिलो', म्हणजे पाणी, हा शब्द सर्वांत जास्त ऐकू येत होता. सल्लागारांनी कॅमेऱ्यांचे चित्र दाखवल्यावर एका शिक्षिकेने उठून विचारले की हे चित्रण कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार. प्रश्न हवेतून आला नव्हता. २०१३ साली आलेल्या नव्या ओळखपत्रासाठी सर्वांच्या बोटांचे ठसे घेतले गेले होते, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१५ साली न्यायालयाने ते ठसे साठवून ठेवण्याची तरतूद घटनाबाह्य ठरवली. जिथे कोणीही कोणाला दोन ओळखींत गाठू शकतो, तिथे पडद्यामागे बसलेला माणूसही ओळखीचाच निघणार, ही भीती मला पूर्णपणे पटली. चेहरा ओळखणारे कॅमेरे पुढच्या आराखड्यातून गळाले. ते त्या प्रश्नामुळे गळाले की खर्चामुळे, हे मला कोणी सांगितले नाही.

बैठक संपल्यावर मी फोनवर घरी बोलत असताना पांढऱ्या टोपीतले एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन थांबले आणि फोन ठेवताच म्हणाले, "आपण महाराष्ट्रातून आला आहात का?" त्यांची मराठी शाळेत आणि मंडळाच्या वर्गांत शिकलेली, त्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध होती, अडले की ते क्रिओलचा आधार घेत. काकांनी मला घरी नेले आणि स्वयंपाकघराची निळी भिंत दाखवली. दाराच्या मधल्या बिजागरीच्या बरोबरीने तिच्यावर एक फिकट रेघ होती. काही वर्षांपूर्वीच्या एका रात्री पाणी तिथवर चढले होते. मी पट्टी लावली तर जमिनीपासून ९५ सेंटिमीटर भरले. मग त्यांनी मला ओढ्याकाठच्या पायऱ्यांवर नेले, जिथे गावातले मराठी लोक गणपती विसर्जन करतात. गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या कोणत्या पायरीला कोणत्या साली पाणी लागले, हे त्यांना तोंडपाठ होते.

माझ्या संगणकातले प्रारूप मात्र त्याच पावसाला त्याच घरात ४० सेंटिमीटर पाणी दाखवत होते. पावसाची नोंद, उतार आणि ओढ्याचा छेद हे सारे मी पुन्हा तपासले. काकांची रेघ चुकीची असावी असे आमच्या कंपनीतल्या वरिष्ठांचे मत पडले आणि खरे सांगायचे तर माझेही तेच मत होत चालले होते. मग एका शनिवारी मी गावाच्या वरच्या अंगाची मोरी पाहायला गेलो. कागदावर ती ९०० मिलिमीटरच्या दोन नळ्यांची होती आणि प्रारूपातही मी तशीच, पूर्ण मोकळी धरली होती. प्रत्यक्षात एका नळीच्या तोंडावर उसाच्या पाचटाचा ओला, दाबून बसलेला बोळा होता आणि दुसऱ्या नळीतही तो अर्ध्यावर आला होता. तोडणी झाली की पाचट रानात पसरून ठेवतात, ते ओल धरते, तण दाबते, जमिनीला चांगले असते. आमच्या रानातही आम्ही तेच करतो. पण पहिला मोठा पाऊस ते सगळे वाहून खाली आणतो. मी प्रारूपात मोरी साठ टक्के तुंबलेली धरली, आणि पाणी काकांच्या रेघेखाली सात सेंटिमीटरवर येऊन थांबले. उसाच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, याची मला आजही थोडी लाज वाटते.

यानंतर अहवाल बदलला. साठवण खड्ड्याबरोबर मोरीच्या वरच्या बाजूला पाचट अडवणारी तिरकी जाळी, तिच्यापर्यंत ट्रॅक्टर जाईल असा रस्ता आणि ती साफ कोणी करायची याची लेखी जबाबदारी एवढे त्यात आले. दगडांचे चार ढीग जागेवर ठेवून त्यांच्या बाजूने उथळ गवती चर काढले. सेन्सर दोनच ठेवले, एक पावसाचा आणि एक ओढ्याच्या पातळीचा. जमीनमालक कंपनीचा विरोध जाळीला नव्हता. तो त्या दोन आर्पांना होता, कारण ती जागा समुद्र दिसणाऱ्या बाजूची होती. त्यांच्या वित्त अधिकाऱ्यांनी मला तीन वेळा विचारले की खड्डा वर, मागच्या बाजूला नेता येईल का, आणि तिन्ही वेळा मला सांगावे लागले की पाणी चढावर जात नाही. शेवटी परवानगी देणाऱ्यांनीच त्याची अट घातली, तेव्हा तो प्रश्न मिटला.

परवाना २०२३ च्या सुरुवातीला आला. त्याच सुमारास पोर्ट लुईहून निघणारी मेट्रो क्युरपीपपर्यंत धावू लागली होती. १९५६ साली प्रवासी गाड्या बंद झालेल्या जुन्या रेल्वेच्या मार्गाचा मोठा भाग वापरून लार्सन अँड टुब्रोने ती बांधली आहे. त्या गाडीने कामावर जाताना मला नेहमी वाटे की बेटावर जे काही खरोखर 'स्मार्ट' म्हणावे असे झाले, त्यात हिचा क्रमांक वरचा लागेल, कारण ती मुख्यतः जुन्या, दाट गावांतून जाते. पण तो माझा विषय नव्हे.

१५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळ आले. पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्याची दृश्ये जगाने पाहिली. आमच्या जागेवर तोवर एकही इमारत नव्हती, पण खड्डा आणि जाळी पूर्ण झाली होती. मी दिवसभर घरात अडकून होतो. सकाळी पातळीच्या सेन्सरचे आकडे दर पाच मिनिटांनी येत राहिले, आणि दुपारी ते मधेच थांबले. संध्याकाळी काकांनी पायऱ्यांचे छायाचित्र पाठवले: पाणी खालून चौथ्या पायरीवर होते. घरात आले नव्हते. जाळीवरचे पाचट त्यांच्या नातवाने आणि दोन मित्रांनी आदल्या दिवशीच काढून टाकले होते. करारानुसार ते काम ज्यांचे होते, ते आलेच नव्हते. अर्थात छपरे आणि डांबर अजून व्हायचे असल्याने खड्ड्याची खरी परीक्षा त्या दिवशी झाली, असे मी म्हणणार नाही.

खड्ड्यात १ मीटर १० सेंटिमीटर पाणी साठले आणि दोन दिवसांत ओसरले. त्या दोन दिवसांत विक्री विभागाचा कोणीतरी ड्रोन घेऊन आला असावा, कारण पुढच्या माहितीपत्रकात त्या खड्ड्याचे, मागे निळा समुद्र असलेले, सुंदर छायाचित्र छापले होते आणि खाली त्याला 'तलाव' म्हटले होते. काठावरच्या प्लॉटांचा दर वाढवला होता. महिन्याभरात मला पत्र आले की तलावात बारमाही पाणी ठेवण्यासाठी निर्गमाचे तोंड एक मीटरने उंच करता येईल का, ते कळवावे. मी उत्तरात १२,००० घनमीटरचा हिशेब पुन्हा मांडला, परवान्यातल्या अटीचा क्रमांक दिला आणि सोबतच्या नकाशावर लाल अक्षरांत लिहिले की ही जागा रिकामी ठेवण्यासाठी आहे. या वेळी नकाशा कोणत्या आधारबिंदूवरचा आहे, तेही दोनदा तपासले.